मशीन भारी, वाचन ज्याचं त्याचं: सोलापुरातल्या एका एमआरआय सेंटरचा अनुभव

पाचपैकी तीन स्टार. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांनी नंतर निस्तरून दिली आणि उद्या आईला घेऊन परत त्यांच्याच दारात जायचंय. पण जे झालं ते लिहितो, कारण घरात म्हातारं माणूस विसरायला लागलं की सगळे पहिलं हेच विचारतात की एमआरआय केला का, आणि केला म्हणलं की विषय संपतो, काढलेला फोटो वाचला कुणी आणि कसा हे कुणी विचारतच नाही. मीपण विचारलं नव्हतं.

आई आयुष्यभर विड्या वळत आली. दिवसाला हजार विड्या, पंचवीसची एक जुडी, हिशेब सगळा तोंडावर, कारखान्यातल्या मुकादमाला कधी एक विडी जास्त दिली नाही. गेल्या दीड वर्षात तिचं बिघडत गेलं. शेंगा चटणीत मीठ दोनदा, गॅसवर दूध तसंच, आणि एकदा कन्ना चौकातून घरी यायला निघालेली बाई अशोक चौकात उभी राहून रिक्षावाल्याला विचारत होती की मला कुठं जायचंय. न्यूरो डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करत चला म्हणल्यावर त्र्याण्णव बरोबर सांगितलं आणि पुढं गप्प. ते बघून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. डॉक्टरांनी रक्त तपासण्या लिहिल्या, थायरॉईड आणि बी-१२ वगैरे, आणि एमआरआयची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं की विसरण्याची तक्रार दीड वर्ष आहे, डिमेन्शिया प्रोटोकॉल करा, म्हणजे विसरण्याच्या आजारासाठी जे ठरलेले काप काढतात ते काढा.

सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती, सेंटरला गर्दी मरणाची. पार्किंग नाही, गाडी लांब गल्लीत लावून आईला धरून आणलं. काउंटरवरचा पोरगा चांगला होता पण एका हातात फोन, एका हातात कीबोर्ड, त्याने चिठ्ठी घेतली, आधार घेतलं, पैसे घेतले आणि काहीतरी टाईप केलं. काय टाईप केलं हे मला चार दिवसांनी कळलं. वेळ दिलेली साडेदहाची, नंबर लागला सव्वाला. एसी छान, पाणी आहे, बाथरूम स्वच्छ, आणि म्हाताऱ्या माणसांच्या ठिकाणी ही फार मोठी गोष्ट आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

टेक्निशियन पोरीला मात्र पाच स्टार. आईचं डोरलं, जोडव्या, केसातल्या पिना एकेक करून काढल्या, रुमालात बांधून माझ्या बायकोच्या हातात दिल्या, कानात कापूस घातला, आजी हलायचं न्हाई हं, मी हितंच हाय, असं म्हणत आत नेलं. आमच्यानंतरच्या बाईंना ती तेलुगूत समजावत होती, त्याच्यानंतर कन्नडमधे एका काकांना. सोलापुरात हे येत असलं तर अर्धा आजार तिथंच कमी होतो. आई बाहेर आली आणि म्हणाली, आत कुणी माग लावलाय का रे, खटखट खटखट. मागांच्या पूर्व भागात जन्म काढलेल्या बाईला एमआरआयचा आवाज मागासारखाच वाटणार. घाबरली नाही, झोप आली म्हणाली.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर. एक पान. मेंदूत रक्तस्राव नाही, गाठ नाही, वयोमानानुसार मेंदू थोडा आक्रसलाय, बारीक रक्तवाहिन्यांचे जुने बदल थोडे आहेत, क्लिनिकल कोरिलेशन करावं, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघावं. मी खूष. वयोमानानुसार म्हणजे नॉर्मलच की, बहिणीला फोन करून सांगितलं पण, काही नाही गं, वय झालंय आईचं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सीडी लावली. (सीडी आमच्या घरच्या लॅपटॉपवर उघडलीच नव्हती, आणि आता लॅपटॉपला सीडीचं खाचकं तरी कुठं असतं, एक लिंक पाठवली असती तर काय बिघडलं असतं.) दोन मिनिटं माउस फिरवून म्हणाले, मला जे बघायचंय ते काढलेलंच नाही. आडवे काप आहेत पाच मिलीमीटरचे, कोरोनल नाही. आणि रिपोर्टच्या वरच्या ओळीत बोट ठेवलं. तक्रार: डोकेदुखी. आईचं डोकं आयुष्यात कधी दुखलं असेल तर ते माझ्यामुळं, बाकी नाही. काउंटरवरच्या पोराने घाईत नेहमीचं टाकलं, टेक्निशियनने त्या टाईप केलेल्या प्रमाणे नेहमीचा ब्रेन केला आणि वाचणाऱ्या डॉक्टरांनी डोकेदुखीच्या बाईचा मेंदू म्हणून वाचला. म्हणजे तिघांनी आपापलं काम बरोबर केलं आणि काम चुकलं.

हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूचा भाग असतो, कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, नवी आठवण साठवायला तो लागतो आणि अल्झायमरमधे बहुतेक वेळा सुरुवातीलाच झिजतो. तो नीट बघायचा तर चेहऱ्याला समांतर असे उभे काप लागतात, तेच ते कोरोनल, आणि तेपण त्याच्या लांबीला काटकोनात. त्याला मार्क द्यायची पद्धत आहे, एमटीए म्हणतात, नेदरलँड्समधल्या शेल्टन्स नावाच्या डॉक्टरांनी १९९२ मधे मांडली. शून्य ते चार. शून्य म्हणजे काही झीज नाही. एक म्हणजे शेजारची फट जराशी रुंद. दोन म्हणजे फटीबरोबर बाजूची पाण्याची पोकळीपण रुंदावली. तीन म्हणजे हिप्पोकॅम्पसची उंचीच कमी झाली, चार म्हणजे फारच. यात फूटपट्टी नाही, नजरेनं ठरवायचं. बारीक रक्तवाहिन्यांच्या बदलांचे जे पांढरे डाग दिसतात त्यांच्यासाठी अशीच फॅझेकस म्हणून मोजणी आहे, १९८७ पासूनची, शून्य ते तीन. आमच्या पहिल्या रिपोर्टात यातला एकही आकडा नव्हता.

गेलो परत सेंटरला. मॅनेजर आधी म्हणाले, चिठ्ठीप्रमाणेच केलंय. मी म्हणलं चिठ्ठी काढा. निघाली फाईलमधनं, वाचली, आणि खरं सांगतो, पुढं एक शब्द वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बोलावलं, राहिलेले काप काढून दिले, दहा मिनिटांत काम, एक रुपया घेतला नाही, सॉरी पण म्हणाले. तिसरा स्टार ह्याचा आहे, नाहीतर दोनच होते. नवा रिपोर्ट त्यांच्या दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिला, कारण पहिला रिपोर्ट म्हणे बाहेरगावच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर बघून पाठवलेला. नव्यात लिहिलं, एमटीए दोन्हीकडे १, फॅझेकस १.

न्यूरो डॉक्टरांनी तेच काप बघितले आणि म्हणाले मला डावीकडे ३ वाटतंय, उजवीकडे २. माझी भाची पुण्यात रेडिओलॉजी शिकतेय, तिला सगळं पाठवलं, तिने तिच्या मॅडमला दाखवलं, मॅडम म्हणाल्या दोन्हीकडे २.

झालं की ओ! डोकं तेच, काप तेच, आणि आकडे एक, दोन, तीन. रात्री भाचीला फोन करून मी जरा जास्तच बोललो, तुम्ही लोक काय पत्ते पिसता का वगैरे. ती शांतपणे म्हणाली, मामा, तुमच्या टॉवेलमधे काय होतं ते सांगा.

मी अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्यात चेकिंग खात्यात आहे, एकोणीस वर्षं. टेबलावर टॉवेल पसरायचा, धागा सुटलाय का, डाग आहे का, शेड बरोबर आहे का बघायचं आणि फ्रेश की सेकंड ते ठरवायचं. आता फाटकाच टॉवेल असला तर कुठलाही चेकर सेकंडच म्हणणार, कोरा करकरीत असला तर फ्रेशच. भांडण सगळं मधल्या मालावर. मी फ्रेश टाकलेला शेजारचा सेकंड टाकतो, आणि खरं म्हणजे मी सकाळी फ्रेश टाकलेला मीच संध्याकाळी ट्यूबलाईटखाली सेकंड टाकतो, हे कुणाला सांगायचं नसतं. भाची म्हणाली, अगदी तेच. शून्य आणि चारवर कुणी भांडत नाही, एक की दोन इथं भांडतात.

मग तिने कप्पा सांगितला. कपाटातला नव्हे, ग्रीक अक्षर आहे. जेकब कोहेन नावाच्या माणसाने १९६० साली काढलेलं माप, दोन तपासणारे किती जुळतात ते मोजायचं. मला ते टॉवेलवरच समजलं. समजा आम्ही दोघं चेकर सवयीने शंभरातले ९० फ्रेश आणि १० सेकंड टाकतो. दोघांनी डोळे मिटून टाकले तरी ८१ टॉवेलवर दोघं फ्रेश म्हणणार आणि एकावर दोघं सेकंड, म्हणजे ८२ ठिकाणी न बघताच जुळलं. आता डोळे उघडून ९० ठिकाणी जुळलं तर मालक खूष होतो, नव्वद टक्के! पण नशिबाचे ८२ काढले तर आमची कमाई १८ पैकी ८, म्हणजे कप्पा ०.४४. एकोणीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला मालकाला सांगू नको.

डॉक्टर लोकांत १९७७ ची एक वाटणी चालते म्हणे, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० चांगलं, त्याच्या वर जवळजवळ पूर्ण. एमटीए वाचणारे एकत्र बसून शिकलेले असले, समोर नमुन्याचे फोटो ठेवून वाचत असले तर आकडा चांगल्यात जातो, आणि नवखे किंवा आपापल्या गावी एकटे वाचणारे असले की घसरतो. आणि एकच माणूस स्वतःशी जितका जुळतो तितका दुसऱ्याशी सहसा जुळत नाही. एका पायरीचा फरक आणि तीन पायऱ्यांचा फरक एकाच भावात धरायचा नाही म्हणून वजन दिलेला कप्पापण असतो. त्या हिशेबाने आमचे तिघं तसे लांब नव्हते, पुण्याच्या मॅडमपासून बाकीचे दोघं एकेका पायरीवर. हे ऐकून राग थोडा उतरला.

एक गोष्ट मात्र मला भाचीच्या आधी सुचली. सगळ्यात जास्त आकडा कुणी दिला? ज्यांनी आईला समोर बसवून त्र्याण्णवनंतर गप्प झालेलं बघितलं त्यांनी. सगळ्यात कमी कुणी, तर सेंटरच्या डॉक्टरांनी, ज्यांच्या टेबलावर त्या दिवशी कंबरेचे, गुडघ्याचे, कसले कसले वीस फोटो असणार. पुण्याच्या मॅडमना भाचीने मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडं सुपरवायझर नुसता म्हणून गेला की हा लॉट खराब आलाय, तर त्या दिवशी सगळ्यांना भोकं दिसतात. भाची म्हणाली याच्यावर दोन्ही बाजूंनी बोलतात, माहिती न देता वाचलं तर बघायचं तेच राहून जातं, जसं आमच्या डोकेदुखीत झालं, आणि माहिती देऊन वाचलं तर नजर तिकडं ओढते. म्हणून आधी कोरं वाचावं, आकडा लिहावा, मग चिठ्ठी बघून परत वाचावं. इतका वेळ कोणत्या सेंटरला आहे ते मला माहिती नाही, सव्वाला नंबर लागणाऱ्या सेंटरला तर नक्की नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. अल्झायमरमधे मेंदूत साठणारं अमायलॉईड नावाचं प्रोटीन दाखवणारं पेट स्कॅनचं फ्लोरबेटापिर नावाचं औषध अमेरिकेत मंजुरीला आलं तेव्हा २०११ च्या जानेवारीत तिथल्या सल्लागार समितीने हेच धरून बसवलं, आधी स्कॅन वाचणाऱ्यांना शिकवायची सोय करा, सगळे एकसारखं वाचतात हे दाखवा, मग बघू. मंजुरी आली २०१२ च्या एप्रिलमधे. म्हणजे एवढं महागडं औषध अडलं ते वाचणाऱ्यांच्या नजरेपाशी. आम्हाला तो स्कॅन कुणी सांगितला नाही, पण ऐकून बरं वाटलं की फसलेले आपण एकटे नाही.

हेपण लिहायला पाहिजे की ज्या गोष्टींवर लगेच काहीतरी करता येतं तिथं चौघांचंही एकमत होतं. कवटीखाली जुनं रक्त साठलेलं नाही, गाठ नाही, पाणी भरून पोकळ्या फुगलेल्या नाहीत. म्हातारं माणूस पडलं आणि महिन्याभराने विसरायला लागलं तर ते साठलेलं रक्त असू शकतं आणि ते काढता येतं, म्हणून स्कॅन करायचाच. पांढऱ्या डागांवरही भांडण नव्हतं, आकडा देणाऱ्या तिघांचंही फॅझेकस सारखंच.

आता वयाची गंमत. एमटीएचा आकडा वयाबरोबर वाचायचा असतो. साधारण नियम असा की ७५ च्या आत २ किंवा जास्त असेल तर नॉर्मल नाही, ७५ च्या पुढं ३ किंवा जास्त असेल तर नॉर्मल नाही. आईचं आधारवर वय ७४, जन्म १ जून १९५१. आता ह्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, मास्तरने शाळेत नाव घालताना जी तारीख टाकली ती. माझे मामा म्हणतात आई नागपंचमीची, आणि निदान दोन वर्षांनी मोठी, मुलीला शाळेत उशिरा घातलं म्हणून वय कमी लिहिलं. म्हणजे मॅडमचा २ हा आकडा आधार कार्डाप्रमाणे आजार आणि मामाप्रमाणे वय. मी हे न्यूरो डॉक्टरांना सांगितलं तर ते पहिल्यांदा हसले, आणि मग म्हणाले, म्हणूनच मी नुसत्या स्कॅनवर गोळी लिहीत नाही. दीड वर्षाची हकिकत, चौक चुकणं, पैशाचा हिशेब सुटणं, चाचणीतले मार्क आणि ती चौथी शिकलेली आहे हे धरून त्यांनी ठरवलं, सुरुवातीचा अल्झायमर असण्याची शक्यता जास्त. स्कॅन त्यातला एक साक्षीदार. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत, रात्री डोनेपेझिल म्हणून अल्झायमरची पाच मिलीग्रॅमची गोळी. बी-१२ च्या तपासणीला स्कॅनच्या मानाने चिल्लर पैसे लागले.

तर सेंटरबद्दल. मशीन दीड टेस्लाचं आहे, टेस्ला म्हणजे आतल्या चुंबकाच्या ताकदीचं माप, आणि बाहेर फ्लेक्सवर तेच मोठ्या अक्षरात लिहिलंय. फ्लेक्सवर वाचणारं कोण हे पण लिहा की राव. आमच्या चौघांत जो घोळ झाला तो दीड की तीन टेस्लाने झाला नाही, काउंटरवर एक शब्द चुकला त्याने झाला आणि रिपोर्टात आकडा लिहायची सवय नाही त्याने झाला. विसरण्याच्या पेशंटला एक ठरलेला छापील फॉर्म ठेवला, एमटीए डावं-उजवं, फॅझेकस, पोकळ्या, असं भरायलाच लावलं तर वाचणाऱ्याला निदान तिथं बघावं तर लागेल. हे मी मॅनेजरना बोललो, त्यांनी वहीत लिहून घेतलं, बघू. रिपोर्टवर पहिल्या डॉक्टरांची सही कॉम्प्युटरची होती, फोन नंबर नाही, त्यांना काही विचारायचं तर मार्गच नाही. दुसरे डॉक्टर मात्र भेटले, पाच मिनिटं उभ्या उभ्या फोटो दाखवला आणि म्हणाले, मी १ आणि २ च्या मधे अडकलो होतो, १ लिहिलं. हे ऐकून मला त्यांच्याबद्दल उलट बरंच वाटलं, पण मग रिपोर्टात तसं लिहायला काय हरकत होती. १ लिहिलेलं वाचून माझ्यासारखा माणूस बहिणीला फोन करतो ना.

तुम्ही जाणार असाल तर चिठ्ठीचा फोटो मोबाईलमधे ठेवा, काउंटरवर टाईप केलेलं स्वतः वाचून बघा, तक्रारीच्या रकान्यात विसरणं लिहिलंय का बघा, आणि सकाळी पहिला नंबर मागा, गर्दी कमी असते आणि सेंटरचे स्वतःचे डॉक्टर हजर असतात. दुपारी गेलात तर उपाशी बसाल, जवळ चहाशिवाय काही मिळत नाही.

मी परत तिथंच जाणार, दुसरीकडं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय एक वर्षाने परत काढू, त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने, आणि जमलं तर त्याच माणसाकडून जुना-नवा शेजारी ठेवून वाचून घेऊ, कारण शेड जुळवायची तर त्याच दिव्याखाली. सीडी आईच्या जुन्या विडीच्या डब्यात ठेवलीय. ती अजून कधीकधी रिकाम्या हाताने कागदाची कड दुमडत बसते, दुमड एकदम सरळ. पुढच्या गड्ड्यानंतर जाऊ तेव्हा आई आधारवर ७५ पूर्ण झालेली असेल, म्हणजे आकडा २ चा २ राहिला तरी तो तक्त्याप्रमाणे नॉर्मलमधे जाईल, आणि काउंटरवरच्या त्या पोराला मी परत एकदा जन्मतारीख १ जूनच सांगणार.